खाऱ्या वाऱ्याचा हिशोब : प्रकल्प नोंदी, रत्नागिरी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली. मिरकरवाड्याच्या जेटीवर आज दोन महिन्यांनी गर्दी दिसली. मोठे ट्रॉलर निघून गेलेत, छोट्या होड्या मात्र बहुतेक अजून ओढूनच ठेवलेल्या. त्या नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात जायच्या नाहीत.

प्रकल्पाचा आवाका एकदा लिहून ठेवते, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत. किनाऱ्यापासून साधारण पाच ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात पुढचे चोवीस तास वारा कसा असेल, आणि तो १५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वर जायची शक्यता किती, एवढंच काढायचं. हवामानाची समीकरणं सोडवायची नाहीत. ते काम महासंगणकवाली केंद्रं करतात. त्यांचा अंदाज आणि उपग्रहाची मापं एका हाताला, आपल्या किनाऱ्यावरची नोंद दुसऱ्या हाताला घ्यायची आणि मधली चूक शिकायची. ग्लान आणि लोरी यांनी १९७२ मध्ये मांडलेली हीच जुनी युक्ती. गाभ्यात साधी रेषीय प्रतिगमनाची पद्धत आहे, म्हणजे जुन्या आकड्यांतून सरळ रेषा बसवायची, आणि एमएस्सीच्या मुलांना ती येते.

किनाऱ्यावरची नोंद म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर २०२२ च्या मे महिन्यात आम्हीच बसवलेला अ‍ॅनिमोमीटर, वारा मोजायचं उपकरण. तीन वाट्यांचं चक्र, खाली वातकुक्कुट, शेजारी बॅटरीचा डबा. सव्वादोन वर्षांची तासातासाची नोंद, मधेमधे भोकं. एवढ्या भांडवलावर धंदा.

११ ऑगस्ट, रविवार

आज मुलांना स्कॅटरोमीटर समजावला, म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्यासाठी उपग्रहावर बसवलेला रडार. पहिलंच वाक्य फळ्यावर लिहिलं : उपग्रह वारा मोजत नाही. तो रडारची लहर समुद्रावर तिरपी सोडतो आणि परत किती आली ते मोजतो. वारा पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवतो. या सुरकुत्या रडारच्या तरंगलांबीच्या जोडीच्या असल्या की परतावा वाढतो. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरच्या एस्कॅट या स्कॅटरोमीटरची वारंवारता ५.२५५ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहर सुमारे ५.७ सेंटीमीटर, हा सी-बँड. इस्रोच्या ईओएस-०६ वरचा स्कॅटरोमीटर कू-बँडमधला, लहर सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास. परताव्यावरून वारा काढायचं सूत्र पुस्तकातल्या सिद्धांतातून आलेलं नाही, लाखो जोड्या जुळवून बसवलेली ती वक्ररेषा आहे. थोडक्यात, हातात येणारं ‘माप’ हाच मुळात एक सांख्यिकी अंदाज. मुलांना हे पटायला वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

दिशेचं आणखी वेगळं. एकाच परताव्याला एकाहून जास्त दिशा जुळतात, एस्कॅटमध्ये बहुधा दोन, एकमेकींच्या जवळजवळ विरुद्ध. मग हवामानाच्या मॉडेलचा आणि शेजारच्या घरांचा, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांचा, कल बघून त्यातली एक निवडतात.

दुपारी नकाशा काढला. साडेबारा किलोमीटरची घरं. रत्नागिरीसमोरची किनाऱ्यालगतची घरं कोरी. जमिनीचा परतावा समुद्रापेक्षा इतका जबर असतो की घरात जरा जमीन शिरली तरी शांत पाण्यावर वादळ दिसतं, म्हणून ती घरं टाकूनच देतात. किनारपट्टीसाठी खास प्रक्रिया केलेली मालिका घेतली तरी पंधरा-वीस किलोमीटरच्या आत फारसं हाती लागत नाही. म्हणजे आपल्या छोट्या होड्या जिथे असतात, नेमका तोच पट्टा कोरा.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

सकाळी जेटीवर. सोन्याचा वर्ख लावलेला नारळ, ढोल, पोरांची झुंबड. पूजा झाल्यावर एका वयस्क तांडेलांशी (होडीच्या प्रमुखांशी) बोलायला बसले. दोन वर्षं आमच्या डब्यावर त्यांचं लक्ष असतं, कारण त्यांची जाळी त्याच गच्चीखाली सुकतात.

त्यांना नकाशा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून फोन लांब धरून बघितला. विचारलं, “ह्यो वारा कितीचा?” म्हटलं, सकाळी दहाचा. “आणि मंग रातचा दहाचा?” हो म्हटलं. ते हसले. “बाई, म्हणजे तुमचा माणूस दोनदा खिडकीतून डोकावून जातो. वारा बदलतो तो मधीच.”

हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि म्हणणं तंतोतंत खरं आहे. मेटॉप विषुववृत्त ओलांडतो तेव्हा तिथे स्थानिक सौरवेळ सकाळची आणि रात्रीची साडेनऊ असते. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण सव्वात्र्याहत्तरला, म्हणून सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या सदतीस मिनिटं मागे चालतो. धरा सव्वादहा. तोवर कोरड्या दिवसांत मतलई वारा पडलेला असतो आणि खारा नीट उठलेला नसतो. रात्री दहाला खारा ओसरलेला, मतलई अजून यायचाय. दोन्ही फेऱ्या दोन वाऱ्यांच्या सांध्यावर येतात. ईओएस-०६ दुपारी बारा आणि मध्यरात्रीच्या सौरवेळेला जातो, तो जरा बरा, चढता खारा त्याला सापडतो. पण त्याचा डेटा आमच्याकडे जेमतेम दीड वर्षाचा.

तांडेलांनी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. खिडकीची उपमा वर्गात वापरणार.

२५ ऑगस्ट, रविवार

दिवस वाया. उपग्रहाच्या मालिकेत आणि आमच्या नोंदीत दिशा बरोबर उलट्या. भर पावसाळ्यात वारा पूर्वेकडून! शेवटी कळलं : हवामानवाले वारा कुठून येतो ते लिहितात, आणि ही मालिका वारा कुठे जातो ते लिहिते. १८० अंशांचा फरक. मदतीच्या फाइलमध्ये चौथ्या पानावर एक ओळ होती. वाचली कोणी?

या निमित्ताने नियम करून टाकला : दिशेची सरासरी कोणी काढायची नाही. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे दोन उत्तरी वाऱ्यांमधून एक दक्षिणी जन्माला येतो. आधी प्रत्येक वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करायचे, सगळं गणित त्यांच्यावर, दिशा शेवटी.

६ सप्टेंबर, शुक्रवार, हरतालिका

उद्या गणपती. निम्मी मुलं गावी पळाली. एक विद्यार्थिनी मात्र उपास असूनही प्रयोगशाळेत, म्हणाली घरी नुसतं बसून भूक जास्त लागते.

तिने कोरड्या महिन्यांच्या नोंदीवर चोवीस तासांची लाट बसवली होती, म्हणजे दिवसाच्या कोणत्या तासाला वारा माथ्यावर जातो ते. २०२३ च्या उन्हाळ्यात माथा दुपारी तीनच्या सुमारास, जसा असायला हवा. २०२४ च्या उन्हाळ्यात रात्री साडेआठला. “मॅडम, खारा वारा रात्री साडेआठला कसा?” मी आधी उष्णतेच्या लाटेपासून समुद्राच्या तापमानापर्यंत काय काय बोलून बसले. नंतर ती हळूच म्हणाली, “बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे.”

झालं! आठवड्या-आठवड्याचा माथा काढत मागे गेलो. फेब्रुवारीत एका दिवशी तो उडी मारतो, आणि त्याच दिवशी डब्याची बॅटरी बदलली होती. घड्याळ आधी जागतिक वेळेवर होतं, बदलताना कोणीतरी भारतीय वेळेवर लावलं आणि आमची आज्ञावली त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवत राहिली. कोणीतरी म्हणजे मीच, वहीत माझंच अक्षर आहे. इतके महिने या डेटावर विद्यार्थ्यांना गुण देत होते.

इथल्या कोणत्याही आजीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं की खारा वारा दुपारचा. वर्गात सांगायची गोष्ट : उपकरणाची पहिली तपासणी माणसाला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीवर करायची.

१५ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतीत आठवडा गेला. नोंदवण्यासारखं काही नाही. उकडीचे मोदक सोडून.

२९ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद लांबणार.

पहिलं मॉडेल तयार होतं. सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंतच्या अरबी समुद्राच्या सगळ्या घरांचे वारे, त्यातून मुख्य आकृतिबंध वेगळे काढलेले (लोरेन्झने १९५६ मध्ये हवामानात आणलेली पद्धत, शंभर घरांऐवजी चार-पाच आकडे पुरतात), त्यात मोठ्या मॉडेलचा अंदाज आणि दिवसाच्या तासाची लाट, त्यावरून उद्याचा जेटीवरचा वारा. एकूण चूक ठीकठाक. पण पावसाळ्यातले जोराचे दिवस हे मॉडेल सातत्याने कमी सांगत होतं. वारा जितका चढेल तितकी तूट जास्त.

आधी वाटलं, नेहमीचा रोग. आत जाणाऱ्या आकड्यांत मापाची चूक असली की प्रतिगमनाची रेषा चपटी होते, टोकं सरासरीकडे ओढली जातात. तो रोग आहेच. पण तेवढ्याने इतकी तूट येत नाही.

मग जेटीवरचे सर्वांत जोराचे तीस दिवस कागदावर छापून घेतले आणि त्या-त्या दिवसाचे कू-बँडचे नकाशे शेजारी लावले. बघता बघता गप्प झालो. दिवसामागून दिवस नकाशाचा मधलाच भाग कोरा. वारा जोराचा त्या दिवशी माप गैरहजर.

कारण सरळ आहे. कू-बँडची लहर बारीक, पावसाचे थेंब तिला अडवतातही आणि परतही पाठवतात, शिवाय सरी पडून पाण्याचा पृष्ठभाग वेगळाच खडबडीत होतो. म्हणून पावसाची शंका आली की त्या घरावर खूण होते. सी-बँडला हा त्रास बराच कमी. आणि आमच्या आज्ञावलीत वर कुठेतरी एक निरुपद्रवी ओळ होती : खूण असलेली घरं टाका, रिकाम्या ओळी टाका. म्हणजे मॉडेलला आम्ही फक्त उघडिपीचा समुद्र दाखवत होतो. सरीसोबत येणारे झोत त्याने आयुष्यात बघितलेच नव्हते. शाळेत ज्या दिवशी दंगा झाला त्या दिवशीचा हजेरीपट फाडून टाकायचा आणि वर्षअखेर म्हणायचं, मुलं शांत आहेत.

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये याची नीट वर्गवारी केली आहे : आकडा का गैरहजर आहे याचा संबंध त्या आकड्याच्या किमतीशीच असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मी हे दरवर्षी शिकवते. परीक्षेत टीप लिहायला देते.

गंमत अशी की फाइलमध्ये सगळ्या रिकाम्या घरांत एकच भरण-आकडा असतो. पण रिकामेपण तीन तऱ्हांचं. एक, उपग्रहाचा पट्टा तिथून गेलाच नाही. एस्कॅटचे दोन पट्टे सुमारे साडेपाचशे किलोमीटर रुंद आणि मधे सातशेच्या आसपास फट. ही फट कुठे पडेल ते कक्षा ठरवते, २९ दिवसांनी तोच क्रम पुन्हा, वाऱ्याशी काही संबंध नाही. ही गैरहजेरी निर्दोष. दोन, जमीन जवळ. ती कायमची. तीन, पाऊस. ती मात्र बोलकी. तिन्ही वेगळ्या करायच्या तर गुणवत्तेच्या खुणेचा एकेक बिट सोडवत बसावं लागतं. संध्याकाळी सातला सुरू केलं. दोन तासांत जमलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

दुरुस्ती केली. पावसाने कोऱ्या झालेल्या घरांचं प्रमाण हाच एक नवा आकडा करून मॉडेलमध्ये घातला : पश्चिमेला दोनशे किलोमीटरच्या आत, उपग्रहाने पाहिलेल्या घरांपैकी किती पावसाने टाकली. कोरी जागा सरासरीने भरली नाही. एस्कॅट आणि ईओएस एकाच दिवशी मिळाले तर जिथे कू-बँड कोरा आहे तिथे सी-बँड बघायचा. वेळ वेगळी असते, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

आणि मध्यबिंदूचा अंदाज सोडून नव्वदाव्या शतमकाचा, म्हणजे दहातल्या नऊ वेळा वारा ज्याच्या आत राहील त्या आकड्याचा, अंदाज थेट काढला. होडीवाल्याला सरासरी वाऱ्याने काही होत नाही. पाण्यावरचा ताण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो : १० नॉटचा १४ झाला की ताण जवळपास दुप्पट. चार नॉटची चूक ऐकायला लहान वाटते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज पाणी ओतलं गेलं. सुधारित मॉडेलचे निकाल संशय यावा इतके चांगले आले होते. आणि संशय खरा निघाला. पडताळणीसाठी डेटा फासे टाकून वाटला होता, म्हणजे १० जुलैची सकाळ शिकवणीत आणि १० जुलैची रात्र परीक्षेत. वाऱ्याला आठवण असते. प्रश्नपत्रिका आदल्या रात्री वाटल्यासारखं झालं. आता सलग दहा-दहा दिवसांचे तुकडे, दोन तुकड्यांच्या मधे तीन दिवस सोडून. निकाल खाली आले. थोडं वाईट वाटलं, पण झोप लागली.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज फयान चक्रीवादळाला पंधरा वर्षं. ११ नोव्हेंबर २००९. पावसाळा संपला म्हणून निर्धास्त असलेल्या होड्या त्या वादळात सापडल्या होत्या. जेटीवर हा विषय अजून कोणी मोठ्याने काढत नाही. तांडेल एवढंच म्हणाले की आदल्या दिवशी पाणी “तेलासारखं” होतं.

घरी येऊन तारखा पाहिल्या. इस्रोचा स्कॅटरोमीटरवाला ओशनसॅट-२ त्याच वर्षी २३ सप्टेंबरला अवकाशात गेलेला, म्हणजे जेमतेम दीड महिन्याचा. आणि दहा वर्षं समुद्राचे वारे देणाऱ्या नासाच्या क्विकस्कॅटची फिरती अँटेना वादळानंतर बाराव्या दिवशी, २३ नोव्हेंबरला थांबली. नवा नीट उठायचाय आणि जुना मरणाला टेकलाय, अशा फटीत ते वादळ आलं. याचा अंदाजांवर काय परिणाम झाला ते माझ्या हिशोबात बसत नाही. पण आमची सगळी मालिका कोणत्या तरी उपग्रहाच्या आयुष्यावर टांगलेली आहे हे आज जाणवलं. मॉडेलमध्ये एक उपग्रह बंद करून बघायची चाचणी घातली.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकालाचा दिवस. तुलना दोन आळशी प्रतिस्पर्ध्यांशी. एक म्हणतो, उद्या आज याच तासाला होता तसाच. दुसरा म्हणतो, या महिन्यात या तासाला नेहमी असतो तसा.

जानेवारी ते मे या काळात पहिल्या आळशाला हरवताना आमची दमछाक झाली. खारा वारा रोज दुपारी वायव्येकडून तसाच उठतो, कालचा दिवस हाच उत्तम ज्योतिषी. एवढ्या खटाटोपाने मिळालेला फायदा इतका थोडा की प्रामाणिकपणे ‘बरोबरी’ लिहिलं. एकाला फार वाईट वाटलं, त्याने तीन आठवडे याच भागावर घालवले होते.

पावसाळ्यात चित्र उलट. तिथे आळशी दोघेही पडले. १५ नॉटच्या वर जायच्या शक्यतेचा ब्रायर गुण (सांगितलेली शक्यता किती चुकली त्याचं माप) काढला. मॉडेल पुढे, आणि त्या पुढाव्याचा मोठा भाग एकट्या ‘पावसाने कोऱ्या घरांच्या’ आकड्याचा. तो काढून घेतला की मॉडेल मोठ्या केंद्राच्या अंदाजाच्या जरासंच वर उरतं. पण ईओएसचे पावसाळे आमच्याकडे दोनच. दोन पावसाळ्यांवर फार नाचू नये, हे मुलांना सांगितलं आणि स्वतःलाही.

८ डिसेंबर, रविवार

युरोपचा रडार उपग्रह सेंटिनेल-१सी गुरुवारी, ५ तारखेला सुटला. त्याच्या रडारच्या प्रतिमांवरून किनाऱ्याच्या अगदी जवळचा, एक किलोमीटरच्या आसपासच्या बारकाईचा वारा काढता येतो. म्हणजे आमचा कोरा पट्टा भरायची आशा. पण असे उपग्रह एका जागेवर काही दिवसांनी येतात. रोजच्या अंदाजाला नाही, तरी ‘बाहेर इतका असेल तर आत किती’ हा संबंध तपासायला चालेल. पुढच्या वर्षाच्या यादीत.

१५ डिसेंबर, रविवार

बर्फ कारखान्याच्या भिंतीवर फळा लावला. रोज संध्याकाळी सहाला एक विद्यार्थी खडूने लिहितो : ‘उद्या १५ नॉटच्या वर : दहात तीन’. दोन आठवड्यांपूर्वी सुरू केलं असतं तर बरं झालं असतं, पण रंगाऱ्याने फळा दिला नाही.

तांडेल आले, वाचलं. “दहात तीन म्हंजे कोणते तीन?” मी शक्यता समजावू लागले : असे दहा दिवस आले तर त्यातल्या तीन दिवशी. त्यांनी हात केला. “ते कळलं. आमच्या पत्त्यांत पण कळतं. मी इचारतो कोणत्या वाजता? मी पहाटे तीनला जातो, अकराला परत. दुपारी चारला आला तर माझ्या काय कामाचा?”

इतके महिने आम्ही दिवसाचा सर्वांत जोराचा वारा सांगत होतो. तो दुपारीच असतो! तांडेलांच्या आठ तासांबद्दल फळ्यावर एक अक्षर नव्हतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

फळ्याचे आता तीन रकाने : पहाट, सकाळ, दुपार. तिन्हींची मॉडेलं वेगळी बसवली. पहाटेच्या रकान्यात खाऱ्याचा संबंध नाही, तिथे मतलई, सह्याद्रीकडून उतरणारी गार हवा आणि बाहेरचा मोठा वारा यांचाच खेळ. या रकान्याला रात्री दहाची एस्कॅटची फेरी सर्वांत उपयोगी, पण तिचा डेटा हाती येईपर्यंत मध्यरात्र उलटते. फळा सहाला लिहिलेला असतो. म्हणून पहाटेचा रकाना रात्री एकच्या सुमारास आपोआप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, बावीस जणांच्या गटात. पहिल्या रात्री अंदाजासोबत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकाही त्याच गटात आली.

पावसाने घरं कोरी असतील त्या दिवशी काय लिहायचं यावर वाद झाला. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहायला माझा विरोध. ठरलं ते असं : ‘बाहेर पाऊस, उपग्रहाला दिसत नाही. जोर धरून चला.’ ही ओळ जूनआधी लागणार नाही बहुतेक, आणि जूनमध्ये बंदी. तिची खरी परीक्षा ऑगस्टातच.

गच्चीवर वातकुक्कुटाचा बोल्ट गंजलाय, वारा पडला की तो वायव्येलाच अडकून राहतो. गेल्या आठवड्याची पहाटेची दिशा त्यामुळे टाकावी लागेल. शिमग्याआधी स्टेनलेसचा बोल्ट आणायचा, आणि बदलताना घड्याळाला हात लावायचा नाही.